खुर्ची सरकल्याचा आवाज

डॉक्टरांच्या खोलीतली खुर्ची भारी जड होती. लोखंडी पायांची, लाकडी हातांची, त्यांच्या आधी त्या खोलीत बसणाऱ्या मोठ्या सरांच्या काळातली. फरशीवरून ओढली की असा कर्र आवाज व्हायचा की बाहेर हॉलमध्ये बसलेल्यांचे दात आंबावेत. दुसरा कुणी असता तर तिला कधीच अडगळीत टाकून चाकांची गुबगुबीत खुर्ची मागवली असती. पण डॉक्टर पडले नाकासमोर चालणारे. मोडली नाही ती वस्तू बदलायची कशाला, एवढाच त्यांचा विचार.

आता खुर्चीचं एवढं काय पुराण लावलंय, असं कुणी म्हणेल. तर जरा दम धरा. या माणसाची सगळी डॉक्टरकी त्या खुर्चीभोवती फिरत होती, आणि पुढे जे झालं तेही तिच्यामुळेच.

डॉक्टर कॅन्सरचे. नवेनवे होते तेव्हा मोठ्या सरांच्या हाताखाली लागले. पुस्तकं तोंडपाठ होती, आणि हुशार पोरांना असते तशी घाईही होती. सुरुवातीसुरुवातीला एक बाई रिपोर्ट ऐकायला आली. बेकरीत काम करणारी, बाहीला पीठ लागलेलं तसंच होतं. डॉक्टरांनी टेबलापलीकडून, कागदावरची नजर न उचलता, तिला सगळं व्यवस्थित सांगितलं. गाठीचा प्रकार, आकार, कुठला टप्पा, काही म्हणजे काही सोडलं नाही. बाईनं मान डोलावली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "म्हणजे सगळं ठीक आहे ना?"

मोठे सर दारातच उभे होते. बाईशी मग ते स्वतः बोलले, बराच वेळ. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी या हुशार पोराला पेशंटच्या स्टुलावर बसवलं, आपण टेबलापलीकडे बसले आणि मघाचेच शब्द, कागदात बघत, तसेच्या तसे म्हणून दाखवले.

"काय ऐकू आलं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. लांब कुणीतरी बोलतंय असं वाटलं."

"मग लांबून बोलू नकोस," सर म्हणाले आणि राउंडला निघून गेले.

तेव्हापासून रीत ठरली. वाईट बातमी असेल तर खुर्ची घ्यायची, टेबलाला वळसा घालायचा आणि पेशंटच्या शेजारी गुडघ्याला गुडघा लागेल असं बसायचं. आजाराचं नाव घ्यायचं, उगाच आडवळणं नकोत. नाव घेतलं की तोंड बंद. समोरचा माणूस बोलेपर्यंत आपण ब्र काढायचा नाही. आणि सगळ्यात आधी सांगायचं ते पेशंटला. मुलगा, सून, नवरा, सगळे नंतर. चांगली बातमी काय, टेबलापलीकडून हसूनही देता येते, तिच्यासाठी कुणाला जवळ जावं लागत नाही. मोठे सर निवृत्त झाले, पुढे वारले, खुर्ची आणि रीत दोन्ही डॉक्टरांकडे आली. खुर्ची इतकी जड की उचलण्याची सोय नाही, ओढायचीच.

उपचार ठरवण्याचीही त्यांची एक पद्धत होती. सगळं सांगून झाल्यावर ते विचारायचे, "कुठली गोष्ट गेली तर जगण्यात राम नाही असं वाटेल?" लोक आधी गोंधळायचे. मग एखादा म्हणायचा, बागेत काम. एखादी म्हणायची, नातीला शाळेत सोडणं. एक घड्याळजी आला होता. त्यानं नुसती दहाही बोटं पुढे केली. नेहमीच्या औषधानं बोटांची टोकं बधिर होतात. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं, दुसरं दिलं, थोडं कमी ताकदीचं. बैठकीत बाकीच्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. डॉक्टर म्हणाले, "त्याला घड्याळं दुरुस्त करायचीत. तुम्हाला काय करायचंय?"

याच घड्याळजीचा मुलगा एकदा एकटाच खोलीत शिरला आणि हात जोडून म्हणाला, "बाबांना सांगू नका डॉक्टर, ते खचतील." असं म्हणणारा तो पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हता. डॉक्टरांचा आवाज सहसा चढत नसे, त्या दिवशी चढला. "आजार त्यांचा आहे. दिवसही त्यांचे आहेत. ते दिवस त्यांच्याकडून लपवून ठेवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?" मुलगा खाली मान घालून बाहेर गेला. दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, म्हणजे तिथल्या मुख्य नर्स, डॉक्टरांइतक्याच जुन्या. त्यांनी सगळं ऐकलं, आणि ऐकलेलं विसरायची त्यांना सवय नव्हती.

असा हा माणूस. लोक म्हणायचे देवमाणूस. देवमाणसाच्या आत काय चाललंय हे मात्र कुणी विचारत नाही, ही देवमाणूस होण्यातली मोठी गैरसोय.

आत काहीच चाललेलं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टर मधूनच हात धुवायला जायचे आणि नळ सोडून रडायचे. पुढे नळ नुसता हात धुवायलाच लागू लागला. पेशंट गेले की आधी अंत्यविधीला जायचे, मग फोन करायचे, मग तेही सुटलं. एकदा दोन लहान मुलांची आई त्यांच्यादेखत गेली. नवरा भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं असताना डॉक्टरांच्या मनात आलं की हातमोजे संपत आलेत, सांगायला हवं. त्या विचाराचं त्यांना दुःख झालं नाही, लाजही वाटली नाही. वाटायला हवी होती एवढं फक्त कळलं. मग खोलीत जाऊन त्यांनी जेवणाचा डबा उघडला आणि पूर्ण संपवला. घड्याळजीची बोटं त्यांनी वाचवली. स्वतः मात्र कुठलंही औषध न घेता पार बधिर झाले होते.

तरी खुर्ची सरकतच होती. गुडघ्याला गुडघा लागत होता, आवाज मऊ निघत होता. रीत इतकी हाडात मुरली होती की माणूस आत नसला तरी ती चालायची.

आणि बाहेर हॉलमध्ये काय झालं होतं, याचा डॉक्टरांना पत्ताच नव्हता. लोक काही कानात बोळे घालून बसत नाहीत. बंद दारातून कर्र ऐकू आलं की जो आत गेलाय तो रडत बाहेर येतो, हे कळायला कितीसं डोकं लागतं? जुने पेशंट नव्यांना सांगायचे. आवाज झाला की बोलणं थांबायचं, पिशव्या घट्ट धरल्या जायच्या. सफाईवाल्या मावशी पोछा थांबवून उभ्या राहायच्या.

हे उघडकीला आलं ते एका बस ड्रायव्हरमुळे. निवृत्त, आडदांड, मिशीवाला. त्याचे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले होते. तेच सांगायला डॉक्टर तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचा चष्मा टेबलावरून खाली पडला. तो घ्यायला त्यांनी खुर्ची मागे ढकलली. कर्र. वर येऊन बघतात तर ड्रायव्हर पांढराफटक.

"कळलं साहेब," तो म्हणाला. "बायकोला मी सांगतो. तुम्ही नका त्रास घेऊ."

"अहो, काय कळलं? तुम्ही बरे झालात."

ड्रायव्हरचा विश्वास बसेना. "मग खुर्ची का सरकवलीत?"

डॉक्टरांनी त्याच दिवशी खुर्चीच्या पायांना रबरी बुचं बसवून घेतली. झालं, घी देखा लेकिन बडगा नही देखा. आता आवाजच येईना, म्हणून हॉलमधला प्रत्येक माणूस आत येतानाच धरून चालायचा की आपली भरली. चांगली बातमी ऐकूनही लोक डॉक्टरांच्या खुर्चीच्या पायांकडे बघत राहायचे. आठवडाभरात मोठ्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "सर, बुचं काढा. आधी ज्याचं त्याचं रडणं होतं, आता सगळेच रडतायत." बुचं निघाली.

हा किस्सा डॉक्टरांच्या ताईनं इतक्या जणांना रंगवून सांगितला की विचारू नका.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. गणिताची बाई. आई लवकर गेली तेव्हा डॉक्टर चड्डीत होते आणि ताईची नुकतीच शाळेत नोकरी लागली होती. तिनंच त्यांना वाढवलं, शिकवलं, दोनदा चांगलं बडवलंही. तिचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले, मूलबाळ नव्हतं. डॉक्टरांचं लग्न राहूनच गेलं. असे दोघं एकाच घरात, ती खालच्या मजल्यावर आणि ते वरच्या. जेवण खाली, ताईच्या टेबलावर, समोरासमोर.

दुपारी ताई डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये यायची. डॉक्टर मोकळे होईपर्यंत हॉलमध्ये बसून आकड्यांची कोडी सोडवायची, आणि शेजारी जी कुणी बसली असेल तिची शिकवणी घ्यायची. कुणी घाबरलेली दिसली की म्हणायची, "तुमच्या वेळी खुर्ची सरकली का? नाही ना? मग घरी जाऊन झोपा मुकाट्यानं. माझा भाऊ सगळं करेल, पण ती खुर्ची खोटं बोलू देणार नाही त्याला." बायका हसायच्या. निम्म्या हॉलला ती ताईच झाली होती.

तिच्या मनात एकच गोष्ट राहिली होती. कॉलेजातली तिची एक मैत्रीण, जिवाभावाची, लांब समुद्राकाठी राहायची. रात्रभराची रेल्वे, मग बोट. दर वर्षी ताई जायचं ठरवायची आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. आधी शाळेचे पेपर तपासायचे असत. पुढे डॉक्टरांचा डबा. "मी गेले तर तू काय खाशील? बिस्किटं," ती म्हणायची. "पुढच्या वर्षी बघू." मैत्रीणही तिकडून फोनवर म्हणायची, पुढच्या वर्षी नक्की.

त्या वर्षी ताईचं जेवण कमी झालं. पाठ दुखते म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "कोडी सोडवताना वाकून बसतेस, दुसरं काय." मग एकदा ती कात्रीच्या टोकानं मनगटी घड्याळाच्या पट्ट्याला नवं भोक पाडताना दिसली. डॉक्टरांना वाटलं, पट्टा सैल झाला असेल. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगाच्या गाठी बोटांनी ओळखणाऱ्या माणसाला समोरच्या ताटातलं उरलेलं अन्न दिसलं नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, जेवताना, खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं आणि ताईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा होता. डॉक्टर घास हातात घेऊन तसेच थांबले. घास त्यांनी खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल."

स्कॅन झाला. फोटो बघणारे डॉक्टर त्यांचे जुने मित्र. ते नुसते बाजूला सरकले. पडद्यावर सगळं होतं. स्वादुपिंडात गाठ आणि यकृतात डाग. बरं होण्यातलं नव्हतं. डॉक्टर बघत राहिले, आपल्याला आता काहीतरी होईल म्हणून वाट बघत. काही झालं नाही. मनानं आपोआप हिशेब मांडला: पित्ताची नळी दाबली गेलीय, तिच्यात छोटी जाळीची नळी बसवायची म्हणजे कावीळ उतरेल; त्यानंतर थोडे आठवडे, फार तर महिने, बरे जातील; त्यानंतर नाही.

बाहेर ताई स्टुलावर पाय हलवत बसली होती. "काय रे, पास की नापास?"

"पित्ताच्या नळीला सूज आहे," डॉक्टर उभ्याउभ्या म्हणाले. "वाट मोकळी केली की झालं."

वाक्य तोंडातून कसं निघालं हे त्यांना कळलं नाही. हजारो माणसांना आजाराचं नाव घेऊन सांगणारा हा माणूस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. नळी बसवली तेव्हा मोठ्या सिस्टरना बाजूला घेऊन ते म्हणाले, "ताईला काही बोलू नका. ती खचेल." खचण्याचं म्हणाल तर त्या घरात ताईइतकं कणखर कुणी नव्हतं, आणि हे सिस्टरना माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत होतं.

कावीळ उतरली. ताईचा रंग परतला, ती थोडं जेवू लागली, डबा घेऊन पुन्हा हॉलमध्ये बसू लागली. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा डॉक्टर समोरच होते. "अगं, मोठं काही नाही, सूज आहे नळीला," ताई सांगत होती. "भाऊ म्हणतोय अजून थोडी उतरू दे. मग येते. थंडी सरली की येतेच."

थंडी सरेपर्यंत ताई बोटीत चढण्याच्या अवस्थेत राहणार नाही, हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. जे काही बरे दिवस होते ते हेच होते, आणि ते कोडी सोडवण्यात आणि डबे भरण्यात चालले होते. रोज सकाळी ते ठरवायचे, आज सांगू. रोज टेबलापलीकडे बसून जेवायचे, "पाठ कशी आहे" विचारायचे आणि वर निघून जायचे. मनात दुःख असतं तर कदाचित सांगूनही टाकलं असतं. पण तिथे काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याच्या जागेतून ताईला आजाराचं नाव सांगायची त्यांना भीती वाटत होती. तिच्या शेजारी बसून ते नाव घेतलं आणि तेव्हा हातमोज्यांचा विचार मनात आला तर?

मग त्यांनी आणखी एक पायरी खाली उतरायची ठरवली. केमोचं सलाईन लिहिलं आणि मोठ्या सिस्टरना म्हणाले, "ताकदीचं आहे असं सांगा तिला."

सिस्टरनी कागद टेबलावर परत ठेवला. "मी नाही लावणार सर."

"सिस्टर."

"त्या घड्याळजीच्या मुलाला तुम्ही याच दारातून बाहेर काढलं होतंत. मी तिथेच उभी होते. ताई परवा हॉलमध्ये एका बाईला सांगत होत्या, माझ्या वेळी पण खुर्ची नाही सरकली, बघा कशी टुणटुणीत झाले. मला तिथे उभं राहवेना."

डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात टाकला. पुढचा पेशंट आत आला, त्याला त्यांनी तपासलं, त्याच्या नखांकडे बघितलं, जिभेची चव आली का विचारलं. सगळं रीतसर.

सुट्टीच्या दिवशी ते खाली जेवायला गेले. ताईनं ताटं मांडली होती. स्वतःच्या ताटात तिनं चिमणीचा घास वाढून घेतला होता. डॉक्टर आपल्या जागेवर बसले, टेबलापलीकडे, आणि म्हणाले, "ताई, ती सूज जरा चिवट दिसतेय. एक सलाईन देऊन बघू या."

ताईनं पेन्सिल कानावर अडकवली. थोडा वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली, वर्गात फळ्याशी उभ्या असलेल्या आणि गणित न आलेल्या मुलाकडे बघतात तशी. मग ती उठली. तिची खुर्ची साधी होती, पण तिच्यात आता तेवढंही बळ नव्हतं. दोन्ही हातांनी पाठ धरून ती खुर्ची ओढत टेबलाला वळसा घालू लागली. डॉक्टर उठायला गेले.

"बस खाली," ती म्हणाली.

खुर्ची त्यांच्या शेजारी आली. ताई बसली. गुडघ्याला गुडघा लागला.

"मला कॅन्सर आहे," ताई म्हणाली.

आणि गप्प बसली. आतल्या खोलीत नळ ठिबकत होता. ही गप्प बसायची जागा भरायची नसते, हे त्यांना दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत होतं. ती इतकी लांब असते हे मात्र ते कधी त्या बाजूला बसले नव्हते म्हणून माहीत नव्हतं.

"कधी कळलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अरे शहाण्या, इतकी वर्षं त्या हॉलमध्ये बसतेय मी. पाठीतून कळ येते, जेवण जात नाही, डोळे पिवळे होतात; हॉलमध्ये बायका दुसरं काय बोलतात? पण मी म्हटलं, नाही. तो आला असता ना खुर्ची घेऊन. नाही आला, म्हणजे नसेल. रोज जेवताना वाट बघायची मी, आज सरकते का. नाही सरकली की रात्री चांगली झोप लागायची. आज मात्र तू सलाईन म्हणालास, आणि साध्या सुजेला तिथे कुणी सलाईन लावत नाही, हे मला ठाऊक आहे." ती थांबली. तिला दम लागला होता. "सगळ्या बायकांना सांगत बसले, खुर्ची खोटं बोलत नाही. तू मला त्यांच्यासमोर खोटं पाडलंस."

"ताई—"

"ते राहू दे. उत्तर सांग आधी. किती?"

"महिने. आणि त्यातले बरे, थोडे."

"आणि ते सुरू झालेत का?"

"सुरू होऊन बरेच दिवस झाले."

ताईनं मान हलवली, एखादं कोडं सुटल्यावर हलवते तशी. मग तिनं पुन्हा विचारलं, यावेळी जरा हळू, "तू नेहमी सगळ्यांना विचारतोस तो प्रश्न मला नाही विचारणार?"

डॉक्टरांनी प्रश्न विचारला. कुठली गोष्ट गेली तर जगण्यात राम नाही असं वाटेल. शब्द पाठ होते, तरी मध्ये अडखळले.

"समुद्र," ताई म्हणाली. "म्हणजे ती बया. सलाईन नंतर, द्यायचंच असलं तर. आणि तू बरोबर चल, नाहीतर बिस्किटं खाशील."

चार दिवसांनी ते निघाले. डॉक्टरांनी एवढी सलग रजा आजवर घेतली नव्हती. मोठ्या सिस्टरनी न विचारताच सगळ्या वेळा पुढे ढकलल्या. रेल्वेत ताई खालच्या बर्थवर झोपून गेली. बोटीत तिला मळमळलं, तरी ती कठड्याशीच बसून राहिली. डॉक्टरांनी तिला धरलं होतं. तिची दंडाची हाडं हाताला लागत होती, ते बघत होते, मोजत होते, औषधांच्या वेळा सांभाळत होते. आत अजूनही सगळं गप्प होतं.

मैत्रिणीचं घर लहानसं, पुढे ओटा, ओट्यावर एक बाक. मैत्रीण दारात आली तेव्हा दोघी एकमेकींना धरून बराच वेळ नुसत्या हसल्या. "म्हातारी झालीस," एक म्हणाली. "तू काय कोवळी राहिलीस?" दुसरी म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी ताईची सूज उतरली होती.

"मी सांगू का तिला?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "माझं कामच आहे ते."

"नको. मीच सांगते. तू बाहेर बस जरा."

डॉक्टर ओट्यावर बाकावर बसले. दार लोटलेलं होतं. आतून कपबश्यांचा आवाज येत होता, कॉलेजात शिकवणाऱ्या कुठल्याशा बाईंची नक्कल करून मैत्रीण हसत होती. समोर वाळूत कुणीतरी जाळं वाळत घातलं होतं. डॉक्टरांच्या मांडीवर ताईची पिशवी होती, औषधांची. ते दुपारच्या गोळीचा विचार करत होते.

आतून आवाज आला. खुर्चीचे पाय जमिनीवरून घासत गेले, हळूहळू, मध्ये थांबत, ओढणाऱ्याच्या अंगात बळ नसल्यासारखे.

त्यांना सगळं माहीत होतं. गाठ कुठे आहे, केवढी आहे, डाग किती आहेत, फोटो त्यांनी स्वतः पाहिले होते. नवीन असं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. तरी त्या आवाजासरशी दुपारची गोळी त्यांच्या डोक्यातून पार निघून गेली. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. आतलं हसणं थांबलं होतं. कुणी बोलत नव्हतं. मग ताईचा आवाज, शांत, आजाराचं नाव घेणारा. आणि मग पुन्हा काहीच नाही.

ताई दार ढकलून बाहेर आली तेव्हा डॉक्टर बाकावर वाकून बसले होते. पिशवीत तोंड घालून ते रडत होते, हॉलमध्ये लोक रडतात तसेच, आवाज दाबायचा प्रयत्न करत, आणि तो न दबता.

"काय रे?" ती त्यांच्या शेजारी बसली. "तुला तर माहीत होतं."

"खुर्ची ऐकली," ते म्हणाले.

ताईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते थांबेपर्यंत काही बोलली नाही. मग पदरानं त्यांचा चष्मा पुसून परत दिला.

"नाक पूस आणि आत ये," ती म्हणाली. "ती एकटी बसलीय."